साठी आली म्हणून बुद्धी नाठी होत नाही



मागल्या खेपेस आपण क्षारपड जमिनीविषयी बोललो आणि या खेपेस हरभऱ्याच्या मर रोगाकडे वळायचे असे ठरले होते. दोन्ही गोष्टी आजच्या लेखात येणार आहेत, पण जरा वेगळ्या वाटेने. गेली काही वर्षे मी पाहतो आहे, शिवारफेरीला कुठेही गेलो तरी पिकापाण्याचे बोलणे संपले की घरातला एखादा कर्ता मुलगा किंवा सून बाजूला घेते आणि खालच्या आवाजात विचारते, "साहेब, आमच्या आबांचं जरा बिनसलंय. कुणाला दाखवावं?" विचारणाऱ्याच्या तोंडावर लाज असते. जणू घरात काही चोरी झाली आहे आणि चोर घरातलाच आहे.

मी डॉक्टर नाही. माती, पीक आणि कीड हा माझा विषय. परंतु ज्या आजाराविषयी आज लिहितो आहे, त्याची माहिती बहुतेक इंग्रजीत आहे आणि आजारी माणसे मात्र आपल्या ओसरीवर बसलेली आहेत. म्हणून वाचून, जाणकार डॉक्टरांना विचारून जे पक्के समजले, तेवढेच तुमच्यापुढे ठेवतो. आजाराचे नाव अल्झायमर. बुद्धी आणि आठवण हळूहळू ढासळत जाण्याला डॉक्टर मंडळी 'स्मृतिभ्रंश' म्हणतात. त्याची कारणे अनेक असतात, पण त्यांत सर्वांत मोठा वाटा या अल्झायमरचा; शंभरांतले साठ ते सत्तर रोगी याचेच.

आपल्याकडे याला 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतात. नाहीतर 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आहेच हाताशी. मला ही म्हण मुळीच आवडत नाही. नव्वदीत पोचलेले, पण गावातल्या प्रत्येक बांधाचा इतिहास तोंडपाठ असलेले म्हातारे तुम्ही आणि मी दोघांनीही पाहिले आहेत. वय झाले की नाव चटकन आठवत नाही, चष्मा कपाळावर ठेवून माणूस घरभर शोधतो, एखादे वेळी बाजाराचा वार चुकतो. हे चालायचेच. पण जन्मभर ज्या वाटेने मळ्यात गेला त्या वाटेवर माणूस उभा राहून 'घर कुठं आलं?' असे विचारू लागला, धार काढून झाल्यावर पुन्हा चरवी घेऊन गोठ्याकडे निघाला, नोटा मोजताना हात थांबू लागला, एकच प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारू लागला, तर ते म्हातारपण नव्हे. तो आजार आहे, आणि आजाराला कारण असते.

कारण समजून घेण्याची गरज का, ते सांगतो. एका घरी सासूबाई ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "ह्या पोरीनं मला सकाळपासनं घास दिला न्हाई." सून आत चुलीपाशी रडत बसलेली. सासूबाईंनी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, अर्ध्या तासापूर्वी. जेवल्याची आठवणच मेंदूत उमटली नव्हती, त्यामुळे त्या खोटे बोलत नव्हत्या आणि सूनही खोटी नव्हती. परंतु गावाने निकाल देऊन टाकला होता. मुलाने देवऋषी केला, अंगारे झाले, एक कोंबडेही गेले. त्यात दीड वर्ष निघून गेले, आणि त्या माऊलीचा रक्तदाब किती आहे हे कुणी एकदाही मोजले नव्हते.

हा आजार नवा नाही. नाव मिळूनच त्याला शंभरावर वर्षे झाली. 1901 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात ऑगस्ट नावाची एक्कावन्न वर्षांची बाई इस्पितळात आणली गेली. नवऱ्यावर विनाकारण संशय घेई, घरातल्या वस्तू भलत्या ठिकाणी लपवून ठेवी. डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिला नाव विचारले, तिने सांगितले, 'ऑगस्ट'. नवऱ्याचे नाव विचारले, तरी उत्तर 'ऑगस्ट'. जेवताना ताटात फुलकोबी आणि मांस होते. काय खातेस म्हणून विचारले, तर म्हणाली, पालक. 1906 साली ती वारली. डॉक्टरांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा पेशींच्या बाहेर काही गुठळ्या आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांसारख्या गाठी दिसल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत सांगितले. 1910 साली त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

आता या गुठळ्या आणि गाठी काय आहेत ते बघू. इथेच मागल्या खेपेची क्षारपड जमीन आपल्या कामाला येते.

कृष्णाकाठच्या उसाच्या जमिनी तुम्हांला माहीत आहेत. पाणी मुबलक, निचरा नाही. पहिली काही वर्षे ऊस जोमात येतो, मालक खुशीत असतो. पण खाली क्षार साचत चाललेले असतात. वर काहीच दिसत नाही. मग एके वर्षी रानात एक पांढरा चट्टा दिसतो, पुढच्या वर्षी दोन, आणि मालक म्हणतो, 'यंदाच काय झालं कुणास ठाऊक!' यंदा काहीच झालेले नसते. जे झाले ते पंधरा वर्षांपासून चालू होते.

मेंदूत नेमके असेच होते. आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत अमिलॉइड नावाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे रोज तयार होतात आणि रोज वाहून जातात. तयार होणे हा दोष नाही. बहुतेक रोग्यांत वयाबरोबर त्यांचा निचरा मंदावतो, मग ते एकमेकांना चिकटून पेशींच्या बाहेर साचतात. याच त्या गुठळ्या. आठवण बिघडण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून त्या साचू लागतात. म्हणजे सत्तरीत ज्यांना त्रास दिसला, त्यांच्या मेंदूतले काम पन्नाशीतच सुरू झालेले असते. पन्नाशीतल्या वाचकांनी, म्हणजे माझ्या वयाच्या मंडळींनी, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

आणि आत ज्या गाठी दिसल्या, त्यांना हरभऱ्याचा मर रोग लावून पाहा. मर रोगात जमिनीत ओल असते, मूळ जागेवर असते, तरी झाड वाळते. कारण बुरशीने खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवलेल्या असतात. मेंदूच्या पेशीतही लांबवर माल वाहून नेणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि टाऊ नावाचे प्रथिन त्यांना आधार देत असते. या आजारात टाऊ सुटते, पिळते, त्याच्या गाठी होतात. नळ्या ढासळतात, पेशी उपाशी पडते आणि मरते. इथे बुरशी नाही, जंतू नाही; मर मात्र आहे. सुरुवात बहुधा मेंदूच्या ज्या भागात नवी आठवण कोरली जाते तिथून होते. म्हणून आबांना पन्नास वर्षांपूर्वीचा बैलबाजार आठवतो, आणि आज सकाळी कोण येऊन गेले ते आठवत नाही. लोक म्हणतात, 'जुनं बरं आठवतं, सोंग करतात.' सोंग नव्हे हो ते.

या गुठळ्या विरघळवणारी औषधे आता निघाली आहेत. त्यांतल्या एकाला, लेकॅनेमॅबला, 2023 साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. पण गुठळ्या गेल्या तरी आजाराचा वेग काहीसा कमी होतो इतकेच, गेलेली आठवण परत येत नाही. त्यावरून इतके ध्यानात घ्यावे की गुठळी हे एकच कारण धरून चालत नाही.

मग कारणे कोणती? पहिले वय. पासष्टीनंतर दर पाच वर्षांनी धोका साधारण दुप्पट होतो. वयापुढे कुणाचा इलाज नाही. दुसरे घराण्यातून येणारे. याच प्रश्नाची तरुण मंडळींना फार धास्ती असते: 'आईला झालं, म्हणजे मलाही होणार का?' याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या अँटिओकिया या डोंगराळ कॉफीच्या मुलुखात काही शेतकरी घराण्यांत माणसे चाळिशी-पंचेचाळिशीतच भ्रमिष्ट होत. गावकरी त्या रोगाला 'ला बोबेरा', म्हणजे खुळेपणा, म्हणत. कुणी म्हणे शाप आहे, कुणी म्हणे करणी. त्याच मुलुखात वाढलेले डॉक्टर फ्रान्सिस्को लोपेरा यांनी 1980 च्या दशकापासून या घराण्यांच्या वंशावळी जुळवल्या. पिढ्यान् पिढ्या मागे जाता सगळी एकाच मुळावर आली. हजारो माणसांचे एक कूळ. त्यांच्या एका जनुकात पूर्वी कधीतरी बिघाड झाला होता आणि तो वारशाने उतरत होता. आई किंवा बाप यांपैकी एकात तो असला की प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. ज्यात आला त्याला आजार ठरलेला, आणि तोही तरुण वयात. तरी 2019 साली याच कुळातल्या एका बाईची हकिगत जगापुढे आली. तिच्यात बिघाड होता, मेंदूत अमिलॉइडचे रान माजले होते, पण टाऊच्या गाठी थोड्याच होत्या आणि सत्तरीपर्यंत तिची आठवण शाबूत राहिली होती. दुसऱ्या एका जनुकातल्या दुर्मिळ फरकाने तिला राखले असे दिसते. आपल्या वाणांत नाही का, सगळे शेत मर रोगाने बसले तरी एखादे झाड हिरवे उभे असते, आणि शास्त्रज्ञ त्याच झाडाचे बी मागतात. त्या बाईवर औषध शोधणाऱ्यांची नजर आहे ती यासाठीच.

पण मंडळी, असा ठरलेला वारसा फार थोड्यांत असतो. शंभर रोग्यांत एकही नाही. आपल्या गावात आढळतो तो पासष्टीनंतरचा आजार निराळा. त्यातही घराण्याचा भाग आहे. एपो-ई नावाच्या जनुकाचे काही प्रकार असतात, त्यांतला चौथा प्रकार वाट्याला आला तर धोका दोन-तीन पट वाढतो, आणि आई-बाप दोघांकडून आला तर आणखी बराच. परंतु तो असूनही नव्वदीपर्यंत ठणठणीत राहिलेली माणसे आहेत आणि तो नसूनही आजारी पडलेली आहेत. म्हणून 'आईला झालं म्हणजे मला होणारच' असे मनाशी धरून बसू नये. सोयरीक जुळवताना कुणाच्या आजीचा विसराळूपणा उकरून काढण्याचे तर काहीच कारण नाही.

आता आपल्या देशातली गोष्ट. हरियाणात दिल्लीजवळ बल्लभगड म्हणून भाग आहे. 1990 च्या दशकात तिथल्या अठ्ठावीस खेड्यांतल्या पंचावन्न वर्षांवरच्या पाच हजारांहून जास्त माणसांची घरोघर जाऊन तपासणी झाली. अडचण अशी की त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर. परदेशी तपासणीत तारीख विचारतात, एक वाक्य लिहायला सांगतात. आपल्याकडच्या शहाण्या शेतकऱ्यालाही ते जमायचे नाही आणि तो फुकाचा वेडा ठरायचा. म्हणून डॉक्टरांनी हिंदीत निराळे प्रश्न बसवले. आत्ता सकाळ आहे की दुपार? कोणता ऋतू चालू आहे? गाव कोणते? लिहिण्याऐवजी, तुमच्या घराविषयी काही सांगा. हे मला फार आवडले. माणसाला त्याच्या जगातले विचारावे. तुम्हांलाही घरात शंका आली, तर तारीख विचारू नका. सध्या शेतात काय उभे आहे ते विचारा.

निष्कर्ष असा निघाला की पासष्टीवरच्या शंभर माणसांत साधारण एकालाच अल्झायमर आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या ज्या खोऱ्याशी तुलना केली, तिथे नव्याने आजारी पडण्याचे प्रमाण वर्षाला हजारी साडेसतरा, तर बल्लभगडला पाचाच्या आत. जगात सर्वांत कमी आकड्यांपैकी हा एक. मग खेड्याची हवा, साधे जेवण, कष्टाचे शरीर अशी आपली पाठ आपणच थोपटून घेतली. काही कारणे खरी असतीलही. तो चौथा एपो-ई तिथे कमी होता, हे तर मोजलेले आहे. पण आजारी माणूस लवकर दगावत असेल, किंवा सुनेच्या हातात सगळा कारभार गेल्यावर म्हाताऱ्याची चूक कुणाच्या लक्षातच येत नसेल, तरी आकडा लहानच दिसणार. त्या अभ्यासकांनीही या शंका मोकळेपणाने मांडल्या होत्या.

पुढे 2023 साली साऱ्या देशाचा अंदाज प्रसिद्ध झाला. तो सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा आहे आणि मोजण्याची रीतही वेगळी, म्हणून बल्लभगडच्या आकड्याशी थेट ताडून पाहू नये. तरी तो डोळे उघडणारा आहे. साठीवरच्या शंभर भारतीयांत साताहून अधिक, म्हणजे सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख माणसे. पुरुषांपेक्षा बायका जास्त. आणि शहरात शंभरी पाच, तर खेड्यात आठाच्या पुढे. तेव्हा 'हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा आजार' हे बोलणे आता बंद करावे.

खेड्यात जास्त का? एक मोठे कारण मला पटते ते शाळेचे. लहानपणी शिकलेल्या मेंदूत जोडण्या जास्त बनतात, त्यामुळे आजाराचे नुकसान सुरू झाले तरी काम बराच काळ चालू राहते. खोल मुळाची तूर पावसाच्या खंडात तग धरते, उथळ मुळाचे पीक आठ दिवसांत माना टाकते, तसे आहे हे. आपल्या आजच्या सत्तरीतल्या आया-मावश्यांना शाळेऐवजी धाकटी भावंडे आणि शेळ्या मिळाल्या. त्याची किंमत त्या आता मोजत आहेत. मुलींच्या शाळेबद्दल गावोगाव भाषणे ऐकली, पण हे कारण कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

2024 साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने जगभरचे संशोधन एकत्र करून सांगितले की स्मृतिभ्रंशाची चौदा कारणे अशी आहेत, की ती दूर करता आली तर शंभरांतले सुमारे पंचेचाळीस रोगी टळतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल. शाळा हे त्यांतलेच एक. सगळी चौदा इथे मोजून दाखवत नाही. जी आपल्या उंबऱ्याच्या आत आहेत तेवढी घेतो.

रक्तदाब आणि साखर. मेंदूला रक्त नेणाऱ्या बारीक शिरा म्हणजे शेताच्या टोकापर्यंत गेलेल्या ठिबकच्या नळ्या. दाब बेताबाहेर गेला की त्या फुटतात, साखरेने आणि चरबीने त्या बुजतात. चाळिशीपासून वरचा रक्तदाब 130 च्या आसपास किंवा खाली ठेवावा असे ते तज्ज्ञ सांगतात. आणि आपण? मोटारीचा दाब घटला की रात्री अकरा वाजता विहिरीवर धावतो, स्वतःचा दाब वर्षानुवर्षे बघत नाही. 'काही होत नाही म्हणून गोळी सोडली' हे वाक्य मी किती घरांत ऐकले त्याची गणती नाही. अहो, गोळी चालू आहे म्हणूनच काही होत नाही! त्यात ताटात खारवलेली मिरची, लोणचे, पापड, वर मीठ. कष्टाचे शरीर म्हणाल, तर ते वडिलांचे होते. मुलगा आता बांधापर्यंत मोटारसायकलवर जातो.

कान. हे वाचून मलाही नवल वाटले होते. पण ऐकू कमी येणे हे त्या चौदांतल्या सर्वांत मोठ्या कारणांपैकी आहे. ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलत नाही, बोलत नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि मेंदूला काम उरत नाही. आपल्याकडे मळणी यंत्रापाशी, ट्रॅक्टरवर, गिरणीत जन्म गेलेले अर्धे बहिरे म्हातारे घराघरांत आहेत आणि त्यांची चेष्टा होते. कानाचे यंत्र लावणे लाजेचे वाटते, चष्मा लावायला मात्र लाज वाटत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी 2017 साली राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली, तिच्यात श्रवणयंत्राची सोय आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करावी. डोळ्यांचेही तसेच. मोतीबिंदू 'पिकू दे' म्हणत वर्षे घालवू नयेत, शस्त्रक्रिया शिबिरात फुकट होते.

डोक्याला मार. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाणे, माडीच्या जिन्यावरून घसरणे, हेल्मेट घरी खुंटीला लावून तालुक्याला जाणे. जास्त लिहीत नाही. विडी-सिगारेट, दारू, लठ्ठपणा यांचेही वेगळे सांगायला नको. चुलीचा आणि पाचट जाळल्याचा धूर हा हवेच्या दूषिततेचाच भाग आहे आणि तेही एक कारण यादीत आहे. एकटेपणा मात्र यादीतला असा आहे की त्याला गोळी नाही. मुलगा पुण्याला, मुलगी सासरी, म्हातारा-म्हातारी चार खणी घरात, त्यातले एक गेले की दुसरे दिवसदिवस कुणाशी बोलत नाही. पारावर जाऊन बसणे, भजनाला जाणे, नातवाशी फोनवर भांडणे, यांतले काहीही चालेल.

आता माझ्या खात्यातला विषय, फवारणीचा. अमेरिकेत युटा राज्यातल्या कॅश परगण्यात, जो शेतीचाच भाग आहे, तीन हजारांवर वृद्धांना काही वर्षे तपासत गेले. 2010 साली त्याचा अहवाल आला. आयुष्यात कीटकनाशकांशी कामानिमित्त संबंध आलेल्यांत अल्झायमरचा धोका सुमारे दीडपट आढळला, आणि ऑर्गनोफॉस्फेट गटातली औषधे त्यात पुढे होती. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही आपल्या दुकानातली नावे याच गटातली. यावरून औषधानेच आजार झाला असे सिद्ध होत नाही, संबंध दिसला इतकेच. तरी मी तो सहज सोडून देणार नाही, कारण ही औषधे किडीला मारतात ती मज्जातंतूंवर घाव घालूनच.

इथे एक गंमत सांगतो. मेंदूत निरोप पोचवणारे अॅसिटिलकोलीन नावाचे एक द्रव्य असते आणि निरोप पोचला की ते तोडणारे एक विकर असते. ऑर्गनोफॉस्फेट औषध ते विकर बंद पाडते. निरोप थांबेनासे होतात आणि कीड तडफडून मरते. अल्झायमरच्या रोग्यात हे निरोप्या द्रव्य कमी पडते, म्हणून डॉक्टर त्याला जी गोळी देतात, तीही तेच विकर थोडेसे रोखते. त्यांतले रिव्हास्टिग्मिन नावाचे औषध तर आपल्या कार्बामेट कीटकनाशकांच्याच गोत्रातले. कुणी यातून भलता अर्थ काढू नये! इस्पितळातली मात्रा मिलिग्रॅमची आणि मोजलेली, आपल्या पंपातली विषाची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते आठवा. हातमोजे, तोंडावर मास्क, पुरत्या बाह्यांचा सदरा, वाऱ्याकडे पाठ, आणि नोझल तोंडाने फुंकणे बंद. मजूर फवारत असेल तर हे सारे मालकाने पुरवायचे आहे.

जे कारण नाही त्याचेही बोलू. 'जर्मनच्या भांड्यात शिजवल्यानं होतो' असे बऱ्याच बायकांनी मला विचारले. अॅल्युमिनियमविषयी पूर्वी, 1960 च्या दशकापासून, तशी शंका खरोखरच होती. पुढच्या तपासात ती टिकली नाही. रोगाला नाव जर्मन डॉक्टरचे मिळाले आणि आळ आला जर्मनच्या पातेल्यावर! हा आजार शिवल्याने, उष्टे खाल्ल्याने, एका अंथरुणावर निजल्याने लागत नाही. नातवंडांना आजीजवळ खुशाल निजू द्यावे. करणीने होत नाही, मागल्या जन्मीच्या पापाने होत नाही, आणि सुनेने नीट न सांभाळल्यानेही होत नाही.

शेवटी एक अतिशय महत्त्वाचे. प्रत्येक विसरणे अल्झायमर नसते, आणि त्यातले काही पूर्ण बरे होते. ब-12 जीवनसत्त्व कमी पडले की आठवण जाते, पायांना मुंग्या येतात; माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांतल्या वृद्धांत हे विशेष बघावे. थायरॉइड मंद झाले, की तेच. खोल उदासीनतेत, विशेषतः जोडीदार गेल्यावर, माणूस तसाच दिसतो. पडल्यावर काही आठवड्यांनी मेंदूवर रक्त साचले तरी भ्रम होतो, आणि ते काढता येते. झोपेच्या किंवा सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हातारा माणूस चक्रावतो. रक्ताची साधी तपासणी यांतले बरेच काही सांगते. बिघाड दोन-चार दिवसांत अचानक आला असेल, तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, कारण अल्झायमर असा एकाएकी येत नाही. तो महिन्या-वर्षांनी सरकत येतो.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून जिल्हा रुग्णालय. जाताना तीन गोष्टी बरोबर न्या: चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत, बदल पहिल्यांदा केव्हा दिसला त्याची साधारण वेळ (अमुक सुगीला, तमुक लग्नाच्या आधी, असे चालेल), आणि त्या माणसाबरोबर रोज राहणारे घरातले कुणीतरी. बहुधा ती सून असते. बोलायचे तिलाच द्या. पुरुष मंडळींनी बाकावर बसावे. आणि आजार ठरला, तर माणसाला अजून नीट समजते आहे तोवर बँकेचे आणि सातबाऱ्याचे कागद सर्वांदेखत मार्गी लावून घ्या. कुणी कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायला आले, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मर रोगाची बीजप्रक्रिया राहिली, ती पुढच्या अंकी नक्की. ट्रायकोडर्मा आणून ठेवलेल्यांनी डबा सावलीत ठेवावा, पत्र्याच्या खोलीत नको.